बर्फाखालचे यंत्र

माणूस जे करतो त्याबद्दल त्याला दोष देणे सोपे असते. जे तो करीत नाही त्याबद्दल दोष देताना मात्र भल्याभल्यांची लेखणी अडखळते. चोरी झाली तर चोर शोधता येतो, खून झाला तर तो हात शोधता येतो. परंतु एखादे काम वर्षानुवर्षे ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणून मागे ठेवले गेले आणि त्या मागे ठेवण्यातून कोणाचा जीव गेला, तर बोट कोणाकडे दाखवायचे? ज्याने पहिल्यांदा पुढे ढकलले त्याच्याकडे, की ज्याने शेवटी ढकलले त्याच्याकडे? की तिजोरीत पैसाच नव्हता म्हणून कोणाकडेच नाही? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आमच्या वाचकांना थोडे दूर, कॅनडातील एका डोंगराळ गावी नेणार आहोत. विषयही असा की आमच्याकडील बहुतेकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नसेल: बर्फाच्या रिंगणाखालचे शीतकरण यंत्र जुने झाले, ते बदलावे की चालू द्यावे?

कॅनडातील लहान गावात आइस रिंक म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमच्याकडे चर्चसमोरच्या मैदानाला जे स्थान आहे, ते तिकडे लांब हिवाळ्यात या छपराखालच्या बर्फाला असते. मुले तेथे चालायला शिकल्यावर लगेच घसरायला शिकतात, तरुण हॉकी खेळतात, आणि वयस्कर मंडळी कर्लिंग नावाचा खेळ खेळतात, ज्यात वीस किलोच्या आतबाहेरचा घोटीव दगड बर्फावरून सरकवत एका वर्तुळाकडे न्यायचा असतो. आमच्या धर्मग्रामांतून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांची नातवंडे आज बूट बांधून या बर्फावर उतरतात आणि आजी-आजोबांना त्याची छायाचित्रे येतात. तेव्हा हा विषय अगदीच परका म्हणता येणार नाही.

हा बर्फ आकाशातून पडलेला नसतो. यंत्राने गोठवलेले पहिले रिंगण १८७६ साली लंडनमध्ये जॉन गॅमजी या गृहस्थाने तयार केले. आपल्या देशात सिमल्याचे रिंगण १९२० पासून केवळ निसर्गाच्या थंडीवर चालत आले. यंत्रावर चालणारे मोठे रिंगण २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बांधले गेले, आणि स्पर्धा संपल्यावर ते बराच काळ बंद पडून राहिले. बांधणे आणि चालवणे यांत केवढे अंतर असते, हे त्यावरून कळावे.

यंत्राची रीत मात्र आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना समजावून सांगायला नको. वसई-उत्तनच्या पट्ट्यात ज्या बर्फाच्या कारखान्यांतून बोटींवर लाद्या जातात, तेथे जे घडते तेच तेथेही घडते. अमोनिया वायू कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, तो थंड करून द्रवरूप केला जातो, आणि तो द्रव पुन्हा उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. तो उणे तेहतीस अंशांवरच उकळतो, त्यात त्याची किमया आहे. या अमोनियाने खारे पाणी गार करायचे आणि ते खारे पाणी खेळवून साध्या पाण्याचा बर्फ करायचा. कारखान्यात त्या खाऱ्या पाण्यात पत्र्याचे डबे बुडवतात. रिंकमध्ये तेच पाणी जमिनीखालच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या नळ्यांतून फिरवतात. अमोनिया आणि खारे पाणी जेथे शेजारी येतात, पण एकमेकांत मिसळता कामा नयेत, त्या भांड्याला चिलर म्हणतात. एका मोठ्या पिंपात नळ्यांचा जुडगा. नळीच्या एका अंगाला मीठपाणी, दुसऱ्या अंगाला अमोनिया, आणि दोहोंमध्ये लोखंडाची पातळ भिंत. मीठपाणी लोखंडाला काय करते हे समुद्राकाठी राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

अमोनिया हा वाईट सोबती नव्हे. तो स्वस्त आहे, वीज कमी खातो, आणि पृथ्वीच्या ओझोन कवचाला किंवा हवामानाला त्याचा उपद्रव नाही. परंतु बंद खोलीत तो सुटला तर डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे तीनशे भाग झाले की माणसाने तेथे क्षणभरही थांबू नये, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात.

आता त्या गावाविषयी. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत, फर्नी नावाचे गाव आहे; या घटनेच्या काळी त्याची वस्ती सुमारे पाच हजार होती. कोळशाच्या खाणींवर ते वसले. १९०२ च्या मे महिन्यात जवळच्या कोल क्रीक खाणीतील स्फोटात १२८ कामगार दगावले. १९०८ साली आगीत गावच जवळजवळ भस्मसात झाले. म्हणजे जमिनीखालच्या कामात कसले संकट दबा धरून बसते, हे न जाणणारे हे गाव नव्हे. या गावच्या नगरपालिकेच्या मालकीचे एक क्रीडागृह आहे, त्यात हॉकीचे आणि कर्लिंगचे अशी दोन रिंगणे. कर्लिंगच्या बाजूचे चिलर सुमारे तीस वर्षांचे झाले होते. अशा चिलरचे आयुष्य साधारणपणे वीस-पंचवीस वर्षे धरतात. २०१० साली देखभाल करणाऱ्यांनी ते बदलण्याचा सल्ला दिला. नगरपालिकेच्या खर्चाच्या आराखड्यात ते काम घेतलेही गेले. मग ते पुढे ढकलले गेले, आणि चिलर जागच्या जागी राहिले.

एप्रिल २०१७ मध्ये त्या बाजूच्या खाऱ्या पाण्यात अमोनिया आढळला. याचा अर्थ एकच होता: आतली भिंत कोठेतरी फुटली होती. उन्हाळ्यात यंत्र बंद होते. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू करायची वेळ आली, तेव्हा तेच चिलर पुन्हा चालू करण्यात आले. १७ ऑक्टोबरच्या पहाटे धोक्याची घंटा वाजली. यंत्र थांबवले गेले; पण अमोनिया खाऱ्या पाण्याच्या नळांत शिरत राहिला, तेथे दाब चढत गेला, आणि त्या दिवशी नळाचा एक सांधा निखळून सारा वायू यंत्राच्या खोलीत सुटला. खोलीत तिघे होते: नगरपालिकेचे दोन कर्मचारी आणि दुरुस्तीसाठी आलेला एक तंत्रज्ञ. तिघेही मृत्यू पावले. आसपासच्या घरांतील लोकांना काही दिवस घरे सोडून राहावे लागले. पुढल्या वर्षी प्रांताच्या तांत्रिक सुरक्षा यंत्रणेने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. नळीच्या जोडरेषेतले एक अगदी बारीक छिद्र, आणि गळके चिलर चालवण्याचा निर्णय, अशी त्यात कारणांची साखळी दाखवलेली आहे.

वाचकांच्या मनात लगेच उठणारा निवाडा आम्ही क्षणभर थांबवू इच्छितो. गाव पाच हजारांचे. पाणीपुरवठा, रस्ते, बर्फ उपसणारी वाहने, अग्निशमन दल, हे सारे त्याच करातून. असा खर्च मंजूर करायला बसलेली माणसे कोणी दुष्ट नव्हती. शेजारी-शेजारी राहणारी, आपली मुले त्याच बर्फावर पाठवणारी माणसे होती. आणि खरे सांगायचे तर २०१० साली ते चिलर उत्तम बर्फ करीत होते, त्यानंतरच्या हिवाळ्यांतही करीत होते. प्रत्येक वर्षी, निर्णय न घेण्याच्या बाजूने, एक हिवाळा सुरळीत पार पडल्याचा पुरावा जमा होत होता. मानवी मनाला असा पुरावा फार मोलाचा वाटतो. वास्तविक तो उलट्या अर्थाचा असतो: जो लोखंडी पत्रा दर वर्षी झिजतो, त्याने गेल्या वर्षी तग धरला ही गोष्ट यंदा तो तग धरील याची हमी नसून त्याची शिदोरी एका वर्षाने सरल्याची नोंद असते. पण हे गणित सभेच्या टेबलावर दिसत नाही. टेबलावर रस्त्यातले खड्डे दिसतात.

येथे आम्हांला संत थॉमस अक्विनास यांची आठवण येते. न करण्यालाही इच्छेची कृती म्हणता येईल का, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे, आणि उत्तरादाखल जहाजाच्या सुकाणूधारकाचे उदाहरण दिले आहे. सुकाणूधारकाने सुकाणू सोडले आणि जहाज बुडाले, तर बुडण्याचे कारण वारा असले तरी जबाबदारी त्याची. मात्र दोन अटींवर: सुकाणू धरणे त्याला शक्य असले पाहिजे, आणि ते त्याचे काम असले पाहिजे. या दोन अटी फार मोलाच्या आहेत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला बुडत्या जहाजाचा जाब विचारता येत नाही. म्हणून फर्नीच्या प्रकरणात ‘सारे गाव दोषी’ असे म्हणणे आम्हांला पोकळ वाटते. सर्वांचा दोष म्हटला की तो कोणाचाच राहत नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे की कोणाच्या हाती थांबवण्याची किल्ली होती, आणि ती फिरवणे हे कोणाचे काम होते.

त्याच संतांनी सुज्ञता या सद्गुणाचे जे विवेचन केले आहे, ते सेमिनरीत शिकताना आम्हांला कोरडे वाटत असे. सुज्ञतेच्या तीन पायऱ्या ते सांगतात: सल्ला घेणे, निवाडा करणे, आणि आज्ञा देणे, म्हणजे ठरवलेले अंमलात आणणे. आणि या तिन्हींत मुख्य शेवटची, असे ते म्हणतात. आपली सामान्य समजूत याच्या नेमकी उलट आहे. ज्याने पुष्कळ विचार केला तो सुज्ञ, असे आपण मानतो. फर्नीत सल्ला घेतला गेला होता. यंत्राच्या जाणकाराने तो स्पष्ट दिला होता. निवाडाही झाला होता. नाहीतर ते काम आराखड्यात आले नसते. उणे पडली ती तिसरी पायरी. चांगला हेतू ठरवून मग तो मागे घेण्याच्या वृत्तीला अक्विनास चंचलता म्हणतात आणि तिची गणना असुज्ञतेच्या प्रकारांत करतात. ‘आम्ही विचार केला होता’ हा बचाव त्यांच्या मोजमापात जमेच्या बाजूला पडत नाही, उलट बाजूला पडतो. कारण ज्याला माहीतच नव्हते त्याच्यापेक्षा ज्याला माहीत होते त्याचे ओझे जड.

हीच गोष्ट मोशेच्या नियमशास्त्रात अधिक रांगड्या भाषेत आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारकुट्या बैलाचा नियम सांगितला आहे. बैलाने माणसाला शिंगाने मारले तर बैलाला दगडमार करावा, मालक निर्दोष. परंतु बैल पूर्वीपासून मारकुटा असून मालकाला तशी सूचना मिळालेली असेल आणि त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर मालकाचाही प्राण घ्यावा. शिक्षेचा तो कठोरपणा त्या काळाचा होता, आणि पुढच्याच वचनात खंडणी देऊन सुटण्याची वाट ठेवलेली आहे. आम्हांला त्यातली विभागणी महत्त्वाची वाटते. बैल तोच, शिंगे तीच, मेलेला माणूसही तसाच. मधल्या काळात फक्त एक गोष्ट घडली, की कोणीतरी मालकाच्या दारात येऊन सांगितले. त्या सांगण्याने मालक बदलला.

म्हणून या प्रकरणात दोन प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत, ते सोडवून वेगळे केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. एक प्रश्न असा: यंत्र जुने झाले आहे पण गळत नाही, ते बदलावे का? दुसरा असा: यंत्र गळते हे कळले आहे, ते चालवावे का?

पहिल्या प्रश्नाला नीतिशास्त्र एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊही नये. म्हातारपण हा गुन्हा नव्हे. नीट राखलेली, दर वर्षी उघडून तपासलेली, पाण्यातल्या क्षारांवर लक्ष ठेवलेली यंत्रे पुस्तकी आयुष्यापलीकडे चालतात. शिवाय बदला म्हणून सांगणारा कित्येकदा नवे यंत्र विकणाराही असतो. त्याच्या सल्ल्यात विक्रीचा वास येतो अशी शंका सभासदाने घेतली तर आम्ही त्याला पापी म्हणणार नाही. अशा वेळी दुसऱ्या, विक्रीशी संबंध नसलेल्या जाणकाराला बोलावून नळ्यांची जाडी मोजून घ्यावी, एवढेच. शंका हे चौकशीचे कारण होऊ शकते, स्वस्थ बसण्याचे नाही. आणखी एक गुंता आहे. यंत्र बदलायचे तर कशाने? सुरक्षित वाटणारे कृत्रिम वायू कित्येक रिंकांनी पूर्वी स्वीकारले. त्यांतला आर-२२ ओझोनला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार हळूहळू मोडीत निघाला. त्याच्या जागी आलेल्या काहींची हवामान तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट आहे. म्हणजे यंत्राच्या खोलीतला धोका काढून तो साऱ्या जगाच्या, आणि अजून न जन्मलेल्यांच्या, माथ्यावर टाकायचा. अलीकडे क्वेबेकमधील आणि इतर ठिकाणच्या काही रिंकांत खुद्द कार्बन डायऑक्साइडच शीतकरणासाठी वापरू लागले आहेत. त्याला दाब फार लागतो आणि सुरुवातीचा खर्च मोठा. काहींनी अमोनियाच ठेवून त्याचे प्रमाण कमी केले आहे. या निवडीत प्रामाणिक माणसांचे मतभेद राहणारच.

दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. येथे जुने नीतिशास्त्रज्ञ एक शिकाऱ्याचे उदाहरण देत आले आहेत. झुडपामागे काहीतरी हलते. हरीण असेल, माणूसही असेल. बहुधा हरीणच आहे, असे शिकाऱ्याला वाटते. त्याने बाण सोडावा का? सतराव्या शतकात ख्रिस्तसभेतील पंडितांनी शंकास्पद बाबतीत कोणते मत स्वीकारण्याची मोकळीक आहे, यावर मोठे वाद घातले. कोणी सैल, कोणी कडक. पण या शिकाऱ्याच्या बाबतीत सैल आणि कडक दोन्ही पक्ष एकत्र येतात: दुसऱ्याच्या प्राणाचा प्रश्न असेल तर ‘बहुधा’ या शब्दावर बाण सोडता येत नाही, सुरक्षित बाजूच घ्यावी लागते. आपले पैसे ‘बहुधा’वर लावावेत, आपला वेळ लावावा, दुसऱ्याचा श्वास लावता येत नाही. खाऱ्या पाण्यात अमोनिया सापडल्यानंतर ‘बहुधा हा हंगाम निघेल’ असे म्हणणे म्हणजे हलत्या झुडपावर बाण सोडणे होय. तेथे खर्च-फायद्याचा तराजू बाजूला ठेवावा लागतो.

कोणी म्हणेल, शिकाऱ्याचे उदाहरण लागू पडत नाही, कारण खोलीत जाणारे तंत्रज्ञ होते, धोका जाणून पगार घेणारे होते. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. अग्निशमन दलाचा जवान आगीत शिरतो, तेव्हा त्याला कोणी फसवत नाही. पण त्याच्यासाठी आग कोणी मुद्दाम ठेवून दिलेली नसते. येथे एका बाजूला सभागृहात हात वर करणारे, दुसऱ्या बाजूला बर्फावर दगड सरकवणारे, आणि या दोघांच्या सोयीची किंमत खालच्या खोलीत उतरणाऱ्याने मोजायची, अशी वाटणी झाली. ज्याच्या जिवावर बेतायचे त्याचे मत त्या निर्णयात किती होते? घंटा वाजली की त्याला जावेच लागते. ते त्याचे कर्तव्य असते आणि बहुतेक वेळा तो ते अभिमानाने करतो. त्याच्या या कर्तव्यनिष्ठेवर विसंबून इतरांनी आपले कर्तव्य सैल सोडावे, हा प्रकार आम्हांला सर्वांत अधिक खुपतो. आमच्याकडे गटारात माणूस उतरवतात तेव्हाही हीच वाटणी असते. तेथे तर घंटाही नसते.

तरीही या दोन प्रश्नांना जोडणारा एक धागा राहतो, आणि आमच्या मते सारे मर्म त्यात आहे. ज्या गावाने गेली दहा वर्षे दर वर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे, त्याला एप्रिलमध्ये गळती कळली तर निर्णय सोपा असतो: चिलर काढा, नवे मागवा, ऑक्टोबरला बर्फ तयार. ज्याने काहीच बाजूला ठेवलेले नाही, त्याच्यासमोर एप्रिलमध्ये दोनच वाटा उरतात: बंद ठेवा, नाहीतर चालवा. नीतिशास्त्र त्याला दुसरी वाट निषिद्ध ठरवते, आणि पहिली वाट त्याला असह्य वाटते. त्याचे स्वातंत्र्य एप्रिलमध्ये कोणी हिरावून घेतलेले नसते. ते त्याने स्वतःच मागल्या अंदाजपत्रकांतून थोडे थोडे करून खर्चून टाकलेले असते. पहिल्या प्रश्नाला ‘नंतर’ म्हणणारा माणूस नकळत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवत असतो. म्हणून पहिला प्रश्न खुला आहे, म्हणजे बिनमहत्त्वाचा आहे असे नव्हे. खुल्या प्रश्नालाही तारीख घालावी लागते: अमुक वर्षी तपासू, अमुक जाडीच्या खाली गेले की बदलू, आणि तोवर अमुक रक्कम दर वर्षी वेगळ्या खात्यात जाईल जिला खड्ड्यांसाठीही हात लावायचा नाही.

हे बोलायला सोपे, करायला अवघड, याची कल्पना धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या कोणालाही असते. नव्या घंटेसाठी वर्गणी मागा, महिन्यात जमते. ग्रोटोसाठी, सणाच्या रोषणाईसाठी, वेदीच्या संगमरवरासाठी दाते पुढे येतात, आणि त्यांचा भाव खरा असतो. पण शाळेच्या इमारतीची चाळीस वर्षांपूर्वीची वायरिंग बदलायची आहे, सभागृहाच्या छपराच्या कैच्या गंजल्या आहेत, असे वेदीवरून सांगून पाहावे. घंटेवर नाव कोरता येते, वायरिंगवर येत नाही. आणि वायरिंग बदलल्यानंतर दिवे पूर्वीसारखेच लागतात. पैसे खर्चून काहीच झाले नाही असे वाटते. जे संकट आले नाही त्याचे आभार मानण्याची सवय माणसाला नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर कोणी पडल्यास घरावर रक्ताचा दोष येईल. तो कठडा बांधणाऱ्याच्या दारी कोणी कधी ‘तुमच्यामुळे मी पडलो नाही’ असे सांगायला आला असेल, असे आम्हांला वाटत नाही.

राहिला तो असह्य वाटणारा पर्याय, बंद ठेवण्याचा. त्याच्याविषयी सहसा असे बोलले जाते की जणू तो पर्यायच नव्हे. मुले कोठे जातील, क्लबचे सभासद गळतील, एकदा बंद पडलेले पुन्हा उघडत नाही, गावाचा जीवच जाईल. डेहराडूनच्या रिंगणाकडे पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही, आणि लहान गावात एकत्र येण्याची जागा जाणे हे खरे दुःख आहे. आम्ही ते हलके लेखत नाही. पण फर्नीत गळत होते ते फक्त कर्लिंगच्या बाजूचे चिलर. विचारायचे होते ते एका हिवाळ्याविषयी आणि एका खेळाविषयी. वर्गणी परत करावी लागली असती. ठरलेल्या स्पर्धा रद्द झाल्या असत्या, आणि नगरपालिकेच्या सभेत कोणीतरी तावातावाने उठून, इतकी वर्षे तुम्ही काय करीत होता, असे विचारले असते. त्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड गेले असते. वयस्कर सभासदांना खेळण्यासाठी दरीतल्या दुसऱ्या कोणत्यातरी गावी गाडीने जावे लागले असते, बर्फाच्या रस्त्याने, कुरकुरत. घासून गुळगुळीत केलेले ते ग्रॅनाइटचे दगड मार्चपर्यंत आपापल्या जागी पडून राहिले असते.